जुन्या फियाटची कागदपत्रं: आधी ओळख पक्की करा, मग मालकी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही साताऱ्याचे. गेल्या वर्षी कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडून १९६७ ची फियाट ११०० डिलाइट घेतली. नंबर मुंबईचा, एमआरने सुरू होणारा, जुना तीन अक्षरी. आरसी बुकात शेवटचं नाव मुंबईच्या मालकांचं आहे आणि ते काही वर्षांपूर्वी वारले. ज्यांनी तुम्हाला गाडी विकली त्यांच्या नावावर ती कधी चढलीच नाही. त्यांनी मूळ मालकांच्या सह्यांचे कोरे फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, तुमच्या हातात ठेवले. इंजिन नंबर बुकाशी जुळत नाही, बॉनेटखालची नंबराची पट्टी गायब आहे, आणि परिवहनच्या साइटवर गाडी सापडत नाही. एजंट म्हणतो, चासी नंबर पाडून घेऊ, फॉर्मवर तारीख टाकू, महिन्याभरात गाडी नावावर. हे करावं का, असं तुम्ही विचारलंय.

करू नका. का ते सविस्तर सांगतो आणि त्याऐवजी काय करायचं तेही. मी पुण्यात जुन्या गाड्यांचं रिस्टोरेशन करतो. पत्रा आणि इंजिन यांच्याइतकंच काम कागदांचं असतं, कारण कागद सुटल्याशिवाय मी गाडीला प्रायमर लावत नाही. मी वकील नाही. वारसांमध्ये वाद निघाला तर वकील लागेलच.

तुम्हाला ही एकच अडचण वाटते आहे, पण त्या तीन आहेत. समोर उभी असलेली गाडी बुकातलीच आहे का? ती कायद्याने आज कोणाची आहे? आणि तिची नोंदणी जिवंत आहे का? याच क्रमाने सोडवायला हवं. बहुतेक लोक मधूनच सुरुवात करतात, म्हणजे नावावर करण्याचा अर्ज आधी टाकतात. मग इन्स्पेक्टर बॉनेट उघडतो, पट्टी नाही, इंजिन वेगळं, आणि फाइलवर त्रुटीचा शेरा पडतो. त्यानंतर तुम्ही जे खरं सांगाल तेही सारवासारव वाटायला लागतं. तीच माहिती तुम्ही स्वतःहून, पुराव्यासकट आधी दिली तर तिचं वजन वेगळं असतं.

पहिली गोष्ट पत्र्याची. फियाट ११०० ला वेगळी चासी नसते. बॉडी आणि चासी एकच, मोनोकॉक. जीपमध्ये खाली शिडीसारखी फ्रेम असते, स्टँडर्ड हेराल्डलाही स्वतंत्र चासी आहे. त्यांची बॉडी बदलली तरी फ्रेमवरचा नंबर शाबूत राहतो. फियाटमध्ये नंबर ज्या पत्र्यावर आहे तो पत्रा म्हणजेच गाडीची ओळख. इंजिन आणि केबिनच्या मधला जो आडवा पत्रा, ज्याला आपण फायरवॉल म्हणतो, त्यावर बघा. तुमची जी पट्टी हरवली आहे ती रिव्हेटने बसवलेली माहितीची पाटी होती. ती नसणं वाईट आहे, पण पत्र्यात ठोकलेला नंबर शिल्लक असेल तर गाडी वाचलेली आहे असं समजा. रंगकाम करताना पाट्या काढून ठेवायच्या आणि परत लावायच्या विसरायच्या, हे गॅरेजमध्ये सर्रास झालेलं आहे.

नंबर काढताना घाई नको. ग्राइंडर, वायर ब्रशचं चाक, खडबडीत पॉलिश पेपर यांपैकी काहीही त्या जागेजवळ येऊ देऊ नका. पेंट रिमूव्हर लावा, फुगलेला रंग लाकडी पट्टीने उचला, पुन्हा लावा. पन्नास वर्षांत चार-पाच थर चढलेले असतात. वरचा पांढरा, खाली कुठेतरी निळा किंवा करडा, आणि तळाला कंपनीचा प्राइमर. हे थरही पुरावा आहेत, म्हणून प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. आकडे दिसायला लागले की रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने खाचा साफ करा. मग खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवी धरा, पत्र्याला घासून प्रकाश जाईल अशी. समोरून ८ वाटणारा आकडा आडव्या प्रकाशात ३ निघतो, कारण गंजाची खूण पसरट असते आणि पंचाची खाच धारदार. शेवटी पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलने चासी प्रिंट घ्या. चांगल्या चार-पाच प्रिंट काढून ठेवा, कामाला येतात.

आता ती प्रिंट बुकाशेजारी ठेवा. तो काळ १७ अक्षरी चासी नंबरांचा नव्हता. नंबर आखूड असायचे आणि बुकात कारकुनाच्या हाताने, शाईच्या पेनाने उतरलेले असायचे. एक आणि सात, शून्य आणि इंग्रजी ओ, यांची अदलाबदल मी वारंवार पाहिली आहे. माझ्याकडे आलेल्या एका हेराल्डच्या बुकात चासी नंबरातला एक आकडाच गळला होता. मालक घाबरला होता, पण कार्यालयातल्या जुन्या रजिस्टरात पूर्ण नंबर होता. त्याची प्रमाणित नोंद मिळाली आणि दुरुस्ती झाली. म्हणून एका आकड्याचा फरक दिसला तर हादरू नका. फरक दोन-तीन आकड्यांचा असेल किंवा पूर्ण नंबरच वेगळा असेल, तर मात्र थांबा. मग ही गाडी आणि हे बुक एकमेकांचे नसण्याची शक्यता खरी आहे.

नंबराच्या आजूबाजूचा पत्राही हाताने चाचपा. आतून, डॅशबोर्डच्या मागूनही. चौकोनी वेल्डिंगची रेघ लागते का? नंबराच्या जागी पत्रा दुहेरी आहे का? तसं असेल तर कोणीतरी दुसऱ्या गाडीचा तुकडा कापून इथे बसवलाय. त्या गाडीत पुढे एक पैसाही घालू नका, आधी विक्रेत्याशी बोला आणि वकिलाला विचारा.

नंबर गंजाने पार खाल्ला असेल तर? तिथेही रस्ता आहे. पंच मारताना खालच्या थरातला धातू दाबला जातो, म्हणून वरचा आकडा घासला गेला तरी विशिष्ट रसायन लावल्यावर तो उमटून येऊ शकतो. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा हे काम करतात, मुंबईत ती कलिन्याला आहे. पण तिथे तुम्ही स्वतः जायचं नसतं. पोलिसांमार्फत किंवा न्यायालयामार्फत जावं लागतं. घरी ॲसिडचे प्रयोग करू नका. एकदा चुकीचं रसायन लागलं की प्रयोगशाळेलाही काही उरत नाही. गंजलेला नंबर पुन्हा पंच करायचा असेल तर आरटीओची लेखी परवानगी आधी हवी आणि त्याची नोंद रेकॉर्डवर हवी.

एजंटचा 'नंबर पाडून घेऊ' हा मार्ग याच्या नेमका उलटा आहे. त्याला बुकातला नंबर गाडीवर ठोकायचा आहे. म्हणजे कागदाप्रमाणे गाडी बनवायची. आज ते खपेलही, पण खालचा मूळ नंबर धातूत राहतोच आणि नव्या पंचाचे आकडे त्या काळच्या साच्याचे नसतात. पुढे अपघात झाला, विम्याचा दावा लागला, किंवा जाणकार गिऱ्हाइकाने गाडी बघितली की उघडं पडतं. तेव्हा आरोपी तुम्ही असाल, एजंटचं नाव कुठेही नसेल. त्याहून मोठं नुकसान मला वाटतं ते असं, की एका खऱ्या डिलाइटची खरी ओळख आपण आपल्या हाताने पुसलेली असते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाड्या आता मोजक्याच धड राहिल्या आहेत.

ओळख पटवताना बुकातले बाकीचे रकानेही वापरा: उत्पादनाचं वर्ष, बॉडीचा प्रकार, आसनं, रंग. भारतात फियाट बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीने ११०० चं उत्पादन १९५४ मध्ये सुरू केलं, डिलाइट १९६४ ची, पुढे १९७२ मध्ये ती प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. सुरुवातीच्या ११०० चे, म्हणजे जिला लोक डुक्कर फियाट म्हणायचे तिचे, पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, डिलाइटचे नाहीत. त्यामुळे १९५६ चं बुक आणि सरळ उघडणारे दरवाजे असं दिसलं तर ती जोडी खोटी. पण १९६७ च्या गाडीवर पद्मिनीची ग्रिल किंवा बंपर दिसला तर त्यावरून काही ठरत नाही. जो भाग मिळाला तो लोकांनी बसवला.

इंजिनाचं प्रकरण तुम्हाला जितकं भयंकर वाटतंय तितकं नाही. या गाड्यांमध्ये पन्नास वर्षांत इंजिन न बदललेली गाडी मिळणं हीच विशेष गोष्ट. १०८९ सीसीचं हेच इंजिन पद्मिनीपर्यंत चाललं, मुंबईत हजारो टॅक्सींना होतं, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सहज मिळायचं. इंजिन बसलं की दोन नटबोल्ट जास्त घट्ट करायचे आणि गाडी न्यायची. नोंद कोणी केली नाही. कायद्यात मात्र नोंद हवी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदललं तर १४ दिवसांत कळवून आरसीवर चढवायला हवं होतं. आता उशिरा का होईना ते करायचं. ज्या गॅरेजने इंजिन बसवलं त्याचं बिल शोधा. ते नसेल तर कोल्हापूरच्या विक्रेत्याकडून शपथपत्र घ्या, की इंजिन कधी आणि कुठून आलं, किंवा त्यांनी घेतली तेव्हा ते आधीच बसलेलं होतं. हा इंजिन नंबर चोरीच्या नोंदीत नाही ना, हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन तपासणीत बघून त्याची प्रत जोडा. चासी नंबरही तिथेच बघून घ्या. इंजिन त्याच जातीचं असेल तर प्रकरण बहुतेक ठिकाणी सुटतं. मधल्या काळात कोणी डिझेल बसवलं असेल तर ती वेगळी कथा. माझं मत विचाराल तर ते काढा, पेट्रोल इंजिन बसवा आणि मगच कार्यालयात जा.

साइटवर रेकॉर्ड नाही याचा अर्थ गाडीची नोंद नाही असा होत नाही. जुनी बुकं हाताने लिहिलेल्या रजिस्टरांवर चालायची, आणि ज्यांचे मालक संगणकीकरणानंतर कार्यालयात आलेच नाहीत त्यांच्या नोंदी परिवहन खात्याच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत चढल्याच नाहीत. यासाठी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या रजिस्टरातली नोंद प्रणालीत चढवून, घ्यावी लागते. मुंबईत पूर्वीची कामं आज ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली अशा कार्यालयांत विभागली गेली आहेत. तुमच्या बुकावर शेवटचा शिक्का आणि मालकाचा पत्ता ज्या भागातला आहे तिथून सुरुवात करा. मूळ बुक, चासी प्रिंट आणि गाडीचे फोटो घेऊन जा आणि लेखी अर्ज देऊन पर्टिक्युलर्स, म्हणजे गाडीच्या नोंदीचा तपशील, मागा. तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर मिळतं. रेकॉर्ड सापडत नाही असं म्हणाले तर तेही लेखी घ्या. माहिती अधिकारात अर्ज करता येतो, ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. मात्र मालकाची वैयक्तिक माहिती तिऱ्हाइताला नाकारली जाऊ शकते, त्यामुळे हा अर्ज मालकाच्या वारसाने केलेला बरा. एंट्री होताना चासी नंबर स्वतः डोळ्यांनी तपासा. पुढची बहुतेक ऑनलाइन कामं नंबराच्या शेवटच्या पाच अक्षरांवर उघडतात. तिथे चूक राहिली की दार बंद.

आता मालकी. सातबाऱ्यावर फेरफार न होता जमीन तीन हात फिरावी तशी तुमची गाडी फिरली आहे. पैसे दिले गेले, गाडी गेली, नाव तिथेच. कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावे नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच एका गाडीबद्दल निकाल दिला. ती एकामागून एक हातांत विकली गेली होती, नाव बदललं नव्हतं, अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीवरच्या मालकावर आली. हा निकाल लक्षात ठेवा, तुम्हाला तो वारसांशी बोलताना लागेल.

ते कोरे फॉर्म बाजूला ठेवा. मेलेल्या माणसाच्या सहीवर आजची तारीख टाकणं म्हणजे खोटा दस्तऐवज करणं, त्याला दुसरं नाव नाही. मृत्यूची तारीख महापालिकेच्या नोंदीत आहे, आज ना उद्या कोणीतरी जुळवून बघेलच. मालक गेल्यावर रस्ता वेगळा आहे. गाडी आधी वारसाच्या नावावर, फॉर्म ३१ वर, आणि मग वारसाकडून तुमच्या नावावर, २९ आणि ३० वर. दोन पायऱ्या, दोन फी. मृत्यूचा दाखला लागेल, बाकीच्या वारसांचं संमतीचं शपथपत्र लागेल. वाद नसेल तर बहुतेक कार्यालयांत एवढ्यावर भागतं. काही ठिकाणी न्यायालयाचा वारस दाखला मागतात, तो १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतो, पण त्यात वेळ जातो. कोणतं कार्यालय काय मागेल हे मी इथून सांगू शकत नाही, म्हणून अर्जाआधी यादी लेखी विचारून घ्या.

वारस शोधायचे कसे? बुकातल्या पत्त्यावर स्वतः जा. चाळ पाडून टॉवर झाला असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जुन्या सभासदांची नावं असतात. फोनवरून सुरुवात करू नका. अनोळखी माणूस फोनवर वडिलांच्या गाडीबद्दल विचारतो तेव्हा लोक सावध होतात. गाडीचे दोन-चार फोटो छापून न्या. वडिलांची फियाट अजून उभी आहे हे बघून माणसं विरघळतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. मग शांतपणे समजावून सांगा, की कागदावर ही गाडी अजून तुमच्या घराण्याची आहे आणि तिच्या हातून काही झालं तर नोटीस तुमच्या दारात येईल. नाव बदललं तर तुम्हीही मोकळे व्हाल. त्यांचा सगळा खर्च तुम्ही करा. साताऱ्याहून मुंबईला तुम्ही जा, त्यांना बोलावू नका. ओटीपीसाठी त्यांचा मोबाइल लागेल, सही करायला यावं लागेल, तेवढीच तसदी. त्यांच्याकडे गाडीसोबतचा जुना फोटो असेल, ज्यात नंबर दिसतोय, तर त्याची प्रत मागून घ्या. फाइलमध्ये तो फार बोलतो.

कोल्हापूरच्या गृहस्थांकडूनही लेखी घ्याच. त्यांनी कोणाकडून, कधी, किती रुपयांना घेतली आणि तुम्हाला कधी दिली, हे स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर. मधली कडी त्याने भरते.

वारस सापडलेच नाहीत तर पर्याय कठीण होतात. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आरटीओकडे सविस्तर अर्ज, आणि शेवटी दिवाणी न्यायालयात मालकी जाहीर करून घेण्याचा दावा. साध्या डिलाइटसाठी न्यायालयापर्यंत जाणं मला पैशाच्या दृष्टीने परवडणारं वाटत नाही. तुमचा जीव तिच्यात किती अडकलाय यावर ते ठरेल. त्याआधी विक्रेत्याकडे व्यवहार परत फिरवण्याची मागणी करणं जास्त शहाणपणाचं.

नोंदणी जिवंत करणं हे त्यामानाने सरळ काम. फॉर्म २५ वर नूतनीकरण, गाडीची तपासणी, पीयूसी, विमा, पर्यावरण कर आणि कराची काही थकबाकी असेल तर ती. कारच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारसाठी १०,००० आहे. उशिराचा आकार वेगळा, तो महिन्यावर मोजतात, म्हणून कार्यालयाकडून आकडा काढून घ्या आणि मगच खर्चाचा अंदाज बांधा. मात्र नोंदणी रद्द झालेली नाही ना, हे आधी बघा. मुदत संपणं आणि रद्द होणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एजंटने व्हिंटेज नंबराची गोष्टही काढली असेलच. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या, मूळ स्थितीतल्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. आधी नोंदणी झालेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते, 'व्हीए' मालिका नव्या नोंदणीसाठी असते. नव्या नोंदणीची फी २०,०००, मुदत १० वर्षं. पण ती गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, इंधन भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर येऊ शकते. आणि भारतात आधी नोंदणी झालेल्या गाडीला तिथेही जुनी आरसी लागतेच. मालकीचा घोळ व्हिंटेज नोंदणीने धुऊन निघत नाही. तुमच्या गाडीला तीन अक्षरी जुना नंबर आहे आणि राज्यातल्या राज्यात तो तसाच राहतो. माझ्या गाडीसाठी मी तो कधीच सोडला नसता.

या सगळ्याला किती काळ लागेल ते रजिस्टर सापडण्यावर आणि वारसांवर अवलंबून आहे. काही महिने धरून चाला. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका, रंगकामालाही देऊ नका. यांत्रिक कामं, ब्रेक, वायरिंग खुशाल करून घ्या. फायरवॉलला मात्र नंबर वाचून, प्रिंट काढून, इन्स्पेक्टरने बघेपर्यंत हात लावायचा नाही. उघड्या पत्र्यावर गंज धरू नये म्हणून ग्रीसचा पातळ हात तेवढा फिरवून ठेवा.

चासी प्रिंटचा फोटो आणि बुकाच्या त्या पानाचा फोटो शेजारी शेजारी टाका, नावं आणि पत्ता झाकून. आकड्यांत फरक असेल तर तो लिहिताना झालेला आहे की खरा, हे त्यावरून बरंचसं सांगता येईल.